आजीनं नवस बोललाच नव्हता

सोलापूर
१७ जानेवारी २०२५

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

चौतीस वर्षं टपाल खात्यात लोकांची पत्रं मार्गी लावली, पण स्वतःच्या लेकीला पत्र लिहायचा योग आज येतोय. फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हं, हं" करत राहतेस आणि मधेच तुझी मीटिंग लागते. शिवाय यातलं बरंचसं तुझ्या आईच्या देखत मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. ती आता आत भाकऱ्या थापतेय, तेवढ्यात लिहून काढतो.

परवा तू विचारलंस, "अप्पा, मी काचेच्या पेटीत होते तेव्हा आजीनं तुळजापूरला नवस बोलला होता ना? सासूबाई म्हणतात, आपणही बोलू या." वर्षश्राद्धाला आलेल्यांपैकी कुणीतरी तुझ्या कानावर घातलेलं दिसतंय. ही गोष्ट आपल्या भावकीत अशीच फिरते. आजी माळकरी, आजी तुळजापूरला चालत गेलेली, मग नवस तिचाच असणार, असं सगळे धरून चालतात. मीही इतकी वर्षं कुणाला दुरुस्त केलं नाही. पण आता तू स्वतः बाळंतपणाला टेकलीस, त्यात डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, तेव्हा जे खरं ते तुला माहीत असावं. आजीनं नवस बोलला नव्हता. चार जणींनी चार वेळा सांगूनही बोलला नव्हता.

१९९६ चा जून. मृग कोरडाच चालला होता, वॉर्डातला पंखा गरम वारा फेकत होता. तू साडेसात महिन्यांचीच आलीस. नर्सनं सांगितलं, १ किलो ३०० ग्रॅम. मी दिवसभर पार्सलं तोलणारा माणूस. आकडा ऐकला आणि तुला हातात न घेताच हाताला तुझं वजन कळलं. आजवर कुठलंही पार्सल मला तितकं हलकं लागलेलं नाही.

पाच पेट्या होत्या ओळीनं. तू खिडकीकडून दुसरी. पहिलीत अक्कलकोटकडच्या एका बाईचा मुलगा होता. ती बाई अगदी पोरसवदा, बरोबर फक्त म्हातारा सासरा, नवरा ऊसतोडीच्या उचलीपायी कुठंतरी अडकलेला. तुझ्या आईची आणि तिची खाट शेजारी-शेजारी. बाहेर व्हरांड्यात आम्ही सगळे नातेवाईक सतरंज्या टाकून पडलेलो. तिथं दुसरा उद्योग काय? नवसांचाच बाजार. कुणी अक्कलकोटच्या स्वामींना पोराच्या वजनाइतके पेढे बोललेलं, कुणी यल्लम्माला, कुणी शहाजहूरच्या दर्ग्याला गलेफ. त्या पोरसवद्या बाईनं तर तिन्ही ठिकाणी बोलून ठेवलं होतं. आजीला सगळ्या म्हणायच्या, "म्हातारे, तू एवढी देवाधर्माची, तुळजाभवानीला एक शब्द टाक की."

आजी पायरीवर बसलेली असायची, पदरानं वारा घेत. एकदा फारच कुणी मागं लागलं तेव्हा म्हणाली, "माझी नात वाचीव म्हणून कसं सांगू? पल्याडच्या पेटीतलं कुणाचं न्हाई व्हय?"

तुझ्या आईनं हे आतून ऐकलं. तिच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता, आणि खरं सांगू का, मलाही आलाच होता. आपलं लेकरू पेटीत आणि ही म्हातारी शेजारच्याचा हिशेब करतेय. मी तिला बाजूला घेऊन बोललोही. काय बोललो ते लिहीत नाही. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "भाकरी खाल्लीस का?"

आता तिचा दिवस कसा असायचा ते सांगतो, म्हणजे पुढचं तुला कळेल. तू तिला पाहिलीस ती माळ घातलेली, कुंभारीच्या घरात उन्हाला पाय सोडून बसलेली. तिच्या विड्या तुला आठवत असतील तर त्या वासापुरत्या. लहानपणी तू तिच्या कुशीत जायची नाहीस, "आजीला वास येतो" म्हणायचीस. तो तंबाखूचा वास होता, आणि त्या वासावर मी शिकलो.

तेव्हा आपण साखर पेठेत दोन खोल्यांत राहायचो. आजोबा गिरणीत विव्हिंगला होते. छाती भरून गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा. आजी त्याच्या आधीपासूनच विड्या वळायची. गिरणीचा पगार पुरणारा नव्हता आणि आमच्या गल्लीत ज्या घरात सूप नाही असं घरच नव्हतं. बहुतेक सगळ्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बाया, त्यात आम्ही एक मराठी बिऱ्हाड. आजी त्यांच्याकडून विडी शिकली आणि कामापुरती तेलुगूही. आदल्या रात्री पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पहाटे चारला उठून पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं कापत जायची, भराभर, न बघता. मग सूप मांडीवर. पानात चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत वळण, बुडाला दोरा, नखानं तोंड मुडपायचं. पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार. दुपारी ते घेऊन विडी कारखान्याच्या ब्रँचला रांगेत. तिथं चेकर कट्टा हातात घेऊन नुसता दाबायचा आणि न आवडलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला टाकायचा. छाट गेलेल्या विडीचे पैसे नाहीत, पान आणि तंबाखू मात्र तिच्याच खात्यावर. ती कधी भांडली नाही. घरी येऊन तेवढ्या विड्या पुन्हा वळायची.

वळताना तोंडानं हरिपाठ चालू असायचा. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, सगळं कानानं शिकलेलं. एकदा मी, नववीत असेन, तिला म्हटलं, "तुझं लक्ष देवात असतं की विडीत?" तर म्हणाली, "हात हाललालेत तवर तोंड रिकामं कशाला ठेवायचं?" तिचा एक हिशेब होता आणि त्यावर ती स्वतःच हसायची. हरिपाठाचे अभंग सत्तावीस आणि कट्ट्यात विड्या पंचवीस. "देवाचं माप शेटच्या मापापरीस दोन नं जास्तीच हाय," म्हणायची. तिचा विनोद एवढाच, आयुष्यभर पुरवलेला.

आणि इतकं असून गळ्यात माळ नव्हती. हे लोकांना माहीत नाही. भजनाला जायची तर दाराशी, जोत्याच्या कडेला बसायची, मधे नाही. एकदा कुणीतरी माळकरी बाई तिला ऐकू जाईल असं म्हणाली होती, दिवसभर तंबाखू चिवडायची आणि संध्याकाळी विठ्ठल म्हणायचं. मला वाटलं आजी चिडेल. ती म्हणाली, "खरंच हाय की तिचं. दुसऱ्याच्या पोराच्या छातीत धूर भरायचा आन् माळ घालायची, जमत न्हाई. हात सुटलं की घालीन." म्हणजे विडीचं काम सुटलं की. ज्या विडीनं घर चाललं तिच्याबद्दल तिच्या मनात असं काही असेल हे मला तोवर सुचलंही नव्हतं. आजोबांची छाती गिरणीनं खाल्ली होती, ते तिनं रोज रात्री ऐकलं होतं. त्यातूनच आलं असेल. तिनं बोलून दाखवलं नाही.

साठीला आल्यावर, २००३ मध्ये, तिनं सूप ठेवलं. त्याच आषाढीला पंढरपूरला जाऊन माळ घातली. मी बरोबर होतो. लहानपणी तिच्याबरोबर गेलो होतो तेव्हा कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाईटच्या त्या बुटक्या गाडीत बसायचो. यावेळी मोहोळवरून एस.टी.नं गेलो. चंद्रभागेत तिनं हात इतका वेळ चोळले, की मी शेवटी म्हटलं, "आता बास की." म्हणाली, "जाईना बघ वास." मग त्याच हातांनी माळ घालून घेतली.

तुला वाटेल, अप्पा आजीची आरती ओवाळतोय. तसं नाही. तुझ्या आत्याला तिनं सातवीतून काढून सुपावर बसवलं. आत्या माझ्यापेक्षा हुशार होती, गणितात तर फारच. विडी कामगारांच्या मुलांना सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती मी घेतली आणि मॅट्रिक झालो; आत्यालाही मिळाली असती. पण घरात दोन हजार विड्या झाल्या तर दोन जेवणं नीट व्हायची आणि दोघांतलं एक निवडायचं तर आजीनं मुलगा निवडला. भक्ती, हरिपाठ, शेजारच्या पेटीतलं लेकरू, सगळं खरं, आणि हेही खरं. आत्यानं कधी तोंडावर काढलं नाही, पण ती हरिपाठ ऐकला की उठून आत जायची, हे तू पाहिलं असशील. आजीनं "चुकलं" असं कधी म्हटलं नाही. सूप ठेवलं तेव्हा फंडाचे पैसे आले. मी मनात दुसऱ्या खोलीवर स्लॅब टाकून बसलो होतो. तिनं अख्खी रक्कम उचलून आत्याच्या हातात ठेवली, माझ्यासमोर. म्हणाली, "तुझ्या पोरीच्या शाळंला घाल." आत्यानं पैसे घेतले. पाया मात्र पडली नाही. तिची मुलगी आज सी.ए.च्या ऑफिसात बसते, ती त्या पैशांवर.

कुठल्या कुठं गेलो. दवाखान्यात परत येतो.

त्या एकोणीस दिवसांतला एकही दिवस आजीचे हजार चुकले नाहीत. दुपारी ब्रँचला कट्टे टाकले की तशीच चालत दवाखान्यात. डब्यात भाकरी आणि डाळीचं गरगट्टं, तुझ्या आईपुरतं नाही, दोघींपुरतं. त्या अक्कलकोटच्या बाईचे रक्ताचे कपडे धुवायला कुणी नव्हतं, तेही आजी धुवायची. ती बाई लिंगायत, आपलं खाणार का, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. त्या दोघींच्या मनात आला नसावा.

बाराव्या रात्री पहिल्या पेटीतलं लेकरू गेलं. तिन्ही देवांना बोलून झालेलं होतं. ती बाई रडली नाही, भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. आजी रात्रभर तिच्या शेजारी. पहाटे सासऱ्यानं ते गाठोडं घेतलं, तेव्हा आजीनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला, गुंडाळायला. ते फाटकं लुगडं ती नंतर दोन वर्षं नेसत होती.

त्याच रात्री तुझ्या आईनं नवस बोलला. मनातल्या मनात, तुझ्या पेटीच्या काचेला कपाळ लावून. पोर जगली तर कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर अनवाणी चालत येईन. आणि सकाळी तिनं आजीला विचारलं, सगळ्या व्हरांड्यासमोर, "आत्या, तुम्हाला देवाला एक शब्द सांगायला काय जड जात होतं?" आजी डबा घासत होती. तिनं मान वर केली नाही.

तू वाचलीस. घरी आलीस. आजीनं तुला कापसात ठेवलं, तेल लावलं, शेक दिला, पंधरा-पंधरा मिनिटांनी नाकाशी बोट धरून श्वास बघितला. पण तुझी आई आजीशी कामापुरतंच बोलायची. वर्षभर. दोन खोल्यांत वर्षभर न बोलणं म्हणजे काय असतं ते तुम्हा फ्लॅटवाल्यांना कळायचं नाही. "मीठ संपलंय," "पाणी आलंय." चार-पाच दिवसांआड पाणी यायचं म्हणून तेवढं तरी बोलणं व्हायचं.

१९९७ ची कोजागरी आली. तू सव्वा वर्षाची. त्या रात्री तुळजापूरचा रस्ता कसा असतो ते तू नीट पाहिलेलं नाहीस. ४५ किलोमीटर नुसती माणसं, कर्नाटकातून आलेली, गावोगावची, म्हातारी-कोतारी, पोरं खांद्यावर. रस्त्याच्या कडेला मंडप, कुणी चहा देतंय, कुणी केळी, कुणी लोकांचे पाय चोळून देतंय. तुझ्या आईनं मला सांगितलं, मी जाणार. मी म्हटलं मी येतो, तर पोरीला कोण बघणार? इतक्यात आजी आतून पिशवी घेऊन बाहेर आली. तिचा उजवा गुडघा तेव्हाही धरलेला होता. म्हणाली, "पोरीला आत्या बघंल. मी येते हिच्यासंगं."

तुझ्या आईनं नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. दोघी रूपाभवानीला हात जोडून निघाल्या. आजीनंही चप्पल घरी ठेवली.

वाटेत काय झालं ते मला गेल्या वर्षी कळलं, आजी गेल्यावर. उळ्यापर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. तामलवाडीच्या अलीकडं तुझ्या आईच्या टाचेत खडा रुतला, ती खाली बसली. आजीनं तिचा पाय मांडीवर घेतला आणि टाच चाचपली. वर्षानुवर्षं विडीची तोंडं मुडपून तिचं अंगठ्याचं नख चमच्यासारखं झालेलं होतं. त्या नखानं, अंधारात, एका झटक्यात खडा काढला. तेव्हा तुझी आई म्हणाली, "आत्या, तुम्ही तर नवस मानत नाही. मग कशाला आलात?"

आजी म्हणाली, "मी न्हाई बोलले. तू बोललीस न्हवं? बोललेलं फेडायच लागतं. वाण्याचं असू दे न्हाईतर देवीचं."

आणि मग पुढं, म्हणे, आपण होऊन म्हणाली, "त्या पोरीनं तीन जागी बोललेलं हाय बघ. तिला ते फेडायला लागतंय का न्हाई, कुणाला इचारू?"

तुझी आई सांगते, तिथून तुळजापूरपर्यंत त्या दोघी बोलतच गेल्या. काय बोलल्या ते मला सांगत नाही. सकाळी परत आल्या त्या एस.टी.नं, एकीच्या खांद्यावर दुसरीचं डोकं. दोघींच्या पायांना फोड. मी पाणी तापवून दिलं, तेवढंच माझं पुण्य.

सिद्धेश्वरावर मात्र तिचा वेगळा जीव. तुला कडेवर घेऊन ती अक्षता सोहळ्याला न्यायची, आठवतं का? भोगीच्या दिवशी पहाटे तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, शेंगाचटणी, सगळं उरकून दुपारच्या आत तलावाकाठी जागा धरायची. सात नंदीध्वज, म्हणजे त्या सजवलेल्या उंच काठ्या, बाळीवेशीकडून येताना लांबून नुसते हलणारे शेंडे दिसायचे आणि खाली बाराबंदीतली पांढरी गर्दी. तू विचारायचीस, "लग्न कुणाचं आहे?" आणि ती दरवर्षी तीच गोष्ट सांगायची. सिद्धरामाचं अंगण झाडून रोज रांगोळी काढणारी कुंभाराची पोर, तिला त्याच्याशीच लग्न करायचं होतं, तो योगी. म्हणून त्यानं तिचं लग्न आपल्या योगदंडाशी लावू दिलं. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीचं लग्न सोलापूर दरवर्षी लावतं. तू एकदा म्हणालीस, "काठीशी लग्न? मग तिला काय मिळालं?" आजी विचारात पडली होती. खरंच पडली होती, मी बघत होतो. मग म्हणाली, "अंगण मिळालं की झाडायला."

सम्मती कट्ट्यावरून "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" ऐकू आलं की सगळे अक्षता टाकायचे. आपण इतके लांब असायचो की आपल्या अक्षता पुढच्या बाईच्या अंबाड्यावर पडायच्या. आजी सगळ्या टाकायची नाही. पदराच्या गाठीत थोड्या राखायची आणि घरी येऊन रेशनच्या तांदळाच्या डब्यात मिसळायची. "वर्षभर लग्नाचं जेवण."

शेगावची पालखी सोलापुरात मुक्कामाला आली की भाकऱ्या करण्यात ती दर्शनालाच जायची राहून जायची. एवढंच त्याबद्दल, नाहीतर तुझ्या आईच्या भाकऱ्या संपतील आणि माझं पत्र राहील.

२००६ मध्ये कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलातल्या, विडी कामगार बायांसाठी बांधलेल्या १०,००० घरांतलं एक तिच्या नावावर झालं. कुठल्याही कागदावर मालक म्हणून तिचं नाव येण्याची ती पहिली वेळ. सही तिला येत नव्हती. अंगठा उठवताना तिनं तो आधी पदराला पुसला आणि मग शाईत बुडवला, मला हसू आलं होतं. देव्हारा तिनं स्वयंपाकघरात नाही, दाराशी मांडला. विचारलं तर म्हणाली, "येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे."

शेवटचे दिवस तुला मी फोनवर सांगितलेत. तू बंगळूरूहून निघालीस पण पोचली नाहीस, त्याचं अजून मनाला लावून घेतेस, ते सोड. गेल्या वर्षी अक्षतांच्या दिवशी ती अंथरुणावरच होती. मी टी.व्ही. लावला. तिला दिसत नव्हतं, कान शाबूत होते. "लागलं का लगीन?" विचारलं. लागलं म्हटल्यावर मूठ उघडली. मी स्वयंपाकघरातून चिमूटभर तांदूळ आणून तिच्या तळहातावर ठेवले. तिनं टाकले नाहीत. किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मूठ सोडवली तेव्हा त्यात सात-आठ दाणे होते. ते तुझ्या आईनं काय केले, मी विचारलं नाही. मला अंदाज आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून परतलो, तर कुंभारीचा रस्ता माणसांनी भरलेला. १९ जानेवारीला पंतप्रधानांच्या हस्ते कुंभारीतल्याच रे नगर या कामगार वसाहतीच्या १५,००० घरांचा सोहळा होता ना. साड्या नेसून, फुलं माळून बाया चाललेल्या. आजी असती तर गर्दीत उभी राहून विडीवाली कोण, मागवाली कोण हे नुसत्या वासावरून सांगत बसली असती.

तर माऊ, हे असं आहे. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्याशी यावरून वाद घालू नकोस. बोलायचं की नाही ते तुम्ही दोघी ठरवा. बोललात तर काय बोललात ते मला लगेच कळव. चालायचं असेल तर मी येईन. ६१ वर्षांचा झालो, पण गुडघे अजून माझेच आहेत. आणि तुझ्या शेजारच्या खाटेवर जी कुणी असेल तिची चौकशी करत जा. तिला कुणी डबा आणतं का, बघ.

सोबत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि आजीची वाकळ पाठवतोय. चटणी फ्रिजमध्ये ठेवू नकोस, तेल थिजतं. एक पुडीही आहे. यंदा मी एकटाच तलावावर गेलो होतो, अक्षतांतल्या थोड्या रुमालात राखल्या. तांदळाच्या डब्यात टाक.

तुझे
अप्पा

ता. क. आजीची कात्री तू मागितली होतीस. शोधली. ती तुझ्या आईकडं आहे, रोज दुधाची पिशवी तिनंच कापते. मी मागितली तर म्हणाली, "ती नाही द्यायची." तेव्हा तिचा हट्ट करू नकोस.